बाब क्रमांक नऊ

सूचनापेटीची किल्ली कुणाकडंच नव्हती,
मुंजाजीनं कुलूप दगडानं फोडलं.
आत एकोणसाठ चिठ्ठ्या,
एक वाळलेली पाल
आणि शेंगदाण्याच्या चिक्कीचा कागद.

परिषदेची ही पहिली बैठक,
परभणीच्या शेतकी कॉलेजात, मेसमागच्या ओट्यावर,
कारण परिषदेला मिळालेल्या खोलीत
युरियाची पोती आहेत.
आम्ही पाचजण. मी सचिव,
म्हणजे अक्षर बरं असलेली.

तरन्नुम वाचत गेली, मी उतरवत गेले.
मुलींच्या हॉस्टेलात तिसऱ्या मजल्यावर पाणी चढत नाही.
वाचनालय साडेसातला बंद, उन्हाळ्यात ऊनच तेव्हा उतरतं.
स्कॉलरशिप दोन वर्षं प्रक्रियेत आहे.
जिंतूरची गाडी साडेपाचला, प्रॅक्टिकल सुटतं सहाला.
दवाखान्यात एकच गोळी, पांढरी,
ताप असो की पाय मुरगळो.
मेसच्या वरणात तोंड दिसतं.
(खाली दुसऱ्या शाईत: तुझं दिसतं, आमच्या ताटात तेवढंही नाही.)
हसलो. केरबाला ठसका लागला.

मग एक चिठ्ठी तिनं वाचली नाही.
नुसती माझ्या हातात दिली.
वहीच्या कोपऱ्याचा तुकडा, शिसपेन्सिल:
रात्री झोप येत नाही. कुणाला सांगायचं असतं?
नाव नाही. तारीख ऑगस्टची.

आता फेब्रुवारी होता.
न ठरवता सगळेच मोजू लागलो
ऑगस्टपासून कोण कोण दिसेनासं झालं.
एकीचं लग्न. एक पुण्याला, बियाण्याच्या कंपनीत.
तिसऱ्याचं कुणाला नीट ठाऊक नाही.
"गावाकडं गेला म्हणायलेत," मुंजाजी म्हणाला,
आणि दगड हातातून खाली ठेवला.

समोर ज्वारीचे प्रयोगाचे वाफे.
तिथं ताटाताटाला नंबर आहे.
पान पिवळं पडलं की तारखेनिशी नोंद,
पोंगा मेला तर सर स्वतः येतात, भिंग घेऊन,
मातीत गुडघे टेकतात.
आम्हीच लिहितो त्या नोंदी,
सकाळी सात वाजता, दव असताना.
संध्याकाळी खोलीत परत येतो
आणि शेजारच्या कॉटवरचा
किती दिवस जेवला नाही, सांगता येत नाही.

कार्यालयाचा नमुना ठरलेला:
बाब, अंदाजे खर्च, संबंधित विभाग.
आठ बाबी भराभर बसल्या.
नववीपाशी पेन थांबलं.
"आरोग्य लिही," केरबा.
मग पांढरी गोळी मिळेल.
"समुपदेशक लिही," तरन्नुम.
पद मंजूर नाही, कागद परत येईल.
"मग काय कोरं सोडायलीस का?"

मी लिहिलं.
बाब: रात्री दहानंतर एक उघडं दार.
खर्च: दोन खुर्च्या, एक ट्यूबलाइट.
विभाग: (इथं बराच वेळ गेला) आम्ही.

सतरा दिवसांनी उत्तर आलं, गोल शिक्क्यासह:
बाब एक ते आठ विचाराधीन.
बाब नऊचा बोध होत नाही.

पोती आम्हीच हलवली, गोदामापर्यंत, सायकलवरून,
एकेक. फरशी तीनदा धुतली
तरी वास गेला नाही,
डोळ्यांना पाणी यायचं, ते एका अर्थी बरंच.
खुर्च्या मेसमधून आणल्या, एकीचा पाय लंगडा.

पहिल्या रात्री कुणी आलं नाही.
दुसऱ्या रात्री कुत्रं आलं.
तिसऱ्या रात्री सव्वाअकराला
दुसऱ्या वर्षाचा एक उंच पोरगा दारात उभा राहिला,
चप्पल न काढता.
"चार्जर हाय का?" म्हणाला.
केरबानं दिला.
तो लंगड्या खुर्चीवर बसला
वायर बोटाला गुंडाळत, सोडत,
साडेबारापर्यंत.

मोबाईल त्यानं आणलाच नव्हता.