मॅटिंग

उद्या फायनल, आणि मॅटिंग उसवलेलं.
गुड लेंग्थच्या जरा पुढे, ऑफच्या बाहेर,
वीतभर काथ्या सुटलाय.
सगळा सीझन आम्ही तिथेच टाकत आलो.
पागेदारच्या बावीस विकेटी, त्यातल्या चौदा त्या भोकाच्या,
असं मीच स्कोअरबुकात
पेन्सिलीनं, बारीक, समासात लिहिलंय.

पण अंपायर बघून गेले. शिवून घ्या म्हणाले.

लारीवर गुंडाळी घालून दांडिया बाजारातून,
मी मागून शेपूट सावरत,
जेठाभाईकडे. तो चपला शिवतो, मांडव शिवतो,
एकदा बँडवाल्यांचा ढोल शिवला होता.
यशोधन हळूच म्हणाला, "काका, थोडंसं राहू द्या."
जेठाभाईची आरी थांबली नाही.
"अडधुं काम आपणने ना फावे."

रात्री अकोट्याच्या मैदानावर
मोबाइलच्या उजेडात खिळे ठोकले.
ताण बसेना. उपटले. पुन्हा ठोकले.
सेव-उसळ आली तोवर पाव गार.

पागेदार गुडघ्यांवर बसून
तळहात फिरवत होता,
देवघरात पडलेली फिरकी शोधावी तसा.
"इथंच होतं ना?"
"हातभर पुढे," मी म्हटलं.
वाकलो. मलाही नाही सापडलं.

पोरं गेली. मी नवं पान उघडून
आमची अकरा नावं लिहिली, शाईनं.
तिकडे अंधारात, चेंडूशिवाय,
पागेदार क्रीजपासून पावलं मोजत मागे चाललाय.
नेहमी सोळाला वळतो.
सतरा.
अठरा.