तिसरा थर

रबाळ्याच्या एमआयडीसीत, रंगाच्या कंपनीमागच्या गल्लीत
माझी नोकरी अशी, की दिवसभर
लहान वस्तूंना छळायचं.

मोबाईलचे चार्जर, डासांची मशिनं,
तेल न लागणाऱ्या समया.
त्यांना दमट पेटीत अठ्ठेचाळीस तास कोंडते.
खाडीकाठी ही काय शिक्षा झाली, असं आमचे तांडेलकाका म्हणतात.
मग लाल झालेली तार अंगाला टेकवते, तीस सेकंद,
आणि खाली पसरलेला पातळ कागद पेटतो का बघते.
नाही पेटला, तर त्याची घडी करून ठेवते.
का, ते मलाही माहीत नाही.

ड्रॉवरमध्ये एक बोट आहे.
स्टीलचं, दोन सांध्यांचं, नख नसलेलं.
जगातल्या सगळ्या बोटांच्या वतीने
ते फटीत शिरतं, वाकतं, चाचपतं.
नको तिथे पोचलं तर दिवा लागतो,
कुणी ओरडत नाही.
शेजारी कापडात गुंडाळलेलं एक बारीक बोट आहे, मुलांचं.
ते मी शेवटी काढते.

मंगळवारी फुरियाशेठ आले, बारा नाइटलॅम्प घेऊन,
हात लावला की उजळणारे.
"मॅडम, तीन वॅटची वस्तू. ह्यात कोण मरणार?"
म्हटलं, शेठ, वस्तू तीन वॅटची,
पण भिंत तर दोनशे तीस व्होल्टचीच ना.
भिंतीला कुठे कळतं, समोर लहान कोण, मोठं कोण.

एकाचा ट्रान्सफॉर्मर कापला. चिंचोक्याएवढा.
आत पिवळी पट्टी, कांद्याच्या पापुद्र्यासारखी.
इकडे भिंत, तिकडे माणूस,
मधे एवढंच.
ड्रॉइंगमध्ये थर तीन.
चिमट्याने सोडवले: एक. दोन.
पुन्हा बघितलं. पट्टी संपली ती संपलीच.

"पण दोन थर तीन हजार व्होल्ट झेलतात की नाही?"
झेलतात. घड्याळ लावून, मिनिटभर झेलले.
मग तिसरा कशाला, हा शेठचा सरळ हिशेब.
मला नीट सांगता आलं नाही.
नियमात आहे, तिघांपैकी कुठल्याही दोघांनी निभावायला हवं.
म्हणजे एक दगा देणार
हे धरूनच चाललेत लिहिणारे.
कुठल्या खोलीत बसून लिहिलं असेल हे,
रात्रपाळीत डोळा लागलेल्या एखादीला
आधीच माफ करून?

शेठ खोकं उचलून गेले. चहा अर्धा तसाच.

घणसोलीला, घरी,
दमूच्या बाळाला कुणीतरी बदक आणलेलं.
थेट प्लगमध्ये बसणारं, पत्र्याची चोच,
चोचीला हात लावला की पिवळं होणारं.
ना कंपनीचं नाव, ना शिक्का.
बाळ झोपलं होतं, चोचीकडे हात करून.

मी बटण बंद केलं. बदक स्वयंपाकघरात नेलं.
शिवणीत सुरी घातली.

एक.
दोन.
पुढचं टोक सापडेना, नखाने खरवडलं, दिव्याखाली धरलं,
तीन.

कोण गं तू?
कुणी बघणार नव्हतं. कुणी मोजणार नव्हतं.
पगार दोन थरांचाही तेवढाच झाला असता.
ओट्यावर पट्टीची गुंडाळी तशीच धरून
मी बराच वेळ उभी होते.

सकाळी बदक काही केल्या जुळेना.
असली शिवण एकदाच बसते, कारखान्यात.
दमू म्हणाली, चांगलं होतं की गं, मोडलंस कशाला?
चांगलं होतं, मी म्हटलं.
हे तिला उत्तर वाटलं नाही.

बाळ रांगत गेलं भिंतीपाशी,
काल बदक होतं तिथल्या रिकाम्या भोकांकडे
बोट करून रडायला लागलं.
बारीक बोट.
दोन सांधे. इवलंसं नख.