न समजलेले संदेश

यंत्राला पाच क्रियापदं येतात:
चालणे, धावणे, पोहणे, सायकल, नाच.
क्रियापदापुढे मिनिटं. बास.
दिवेलागणीला बेटाबेटांवरून संदेश येऊ लागतात,
"चाल २०", "सायकल ३५",
यंत्र शाब्बास म्हणतं आणि पुढे जातं.
ज्यांचं त्याला काही कळत नाही
ते माझ्याकडे.

कास्त्रोच्या आरोग्य कचेरीत, दुसऱ्या मजल्यावर,
रॉकेलच्या शेगडीशी पाय लावून
मी बसल्या जागी लोकांच्या हालचाली मार्गी लावतो.
आठ तास. मधे एकदा उठतो, पाणी प्यायला.

चारशे सतरा नंबर पहिल्या आठवड्यातच पाठ झाला.
एर्सिलिया, वय एकसष्ट, रक्तात साखर,
आचाओच्या पुढे, चढावर घर.
"लाकडं फोडली. पाऊण तास. ओली होती."
ओलेपणाला रकाना नाही. 'इतर' मध्ये टाकलं.
"ओहोटीला शिंपले काढले, कंबर गेली."
मी 'चाल' लिहिलं, मिनिटं अंदाजे.
"बटाटे."
नुसतं बटाटे.
लावले, खणले, सोलले,
की दारात ढीग पडलाय आणि बघवत नाही?
उलट विचारायची सोय आम्हाला दिलेली नाही.

मग मे महिन्यात:
"बेलार्मिनोला कुशीवर वळवलं. चार वेळा."
मी यादी वरून खाली पाहिली, खालून वर पाहिली.
शेवटी 'वजन उचलणे, हलके'.
यंत्राने तिला तसं कळवलं, शाब्बासकीसकट.
तासाभरात उत्तर:
"हलकं नाही. ब्याण्णव किलो."

मी 'मध्यम' केलं.
'जड' आमच्या यादीत चाळिशीच्या आतल्यांनाच मिळतं.

पुढे थंडीभर तेच.
वळवलं, पाच वेळा. वळवलं, सात.
चादर बदलली, तो वर असतानाच.
आणि सान हुआनच्या रात्री
"नाच २".
हे यंत्राला लगेच समजलं, माझ्याकडे आलंच नाही,
महिनाअखेरीच्या तक्त्यात सापडलं.
दोन मिनिटं.
कुणाबरोबर, ते तक्ता सांगत नाही.

जुलै: "वळवलं, नऊ वेळा. आता सत्तर किलो."
म्हणजे पुन्हा हलकं करायचं का,
हे मी साहेबांना विचारलं नाही.

ऑगस्टमध्ये नऊ दिवस काहीच नाही.
दहाव्या दिवशी यंत्राने, आपल्या नेमाने,
स्वतःहून तिला लिहिलं:
"तुमची हालचाल बासष्ट टक्क्यांनी घटली आहे.
आळस झटका! उद्या नवी सुरुवात!"
ते थांबवायचं बटण माझ्याकडे नाही.
शोधलं मी.

सप्टेंबर. चारशे सतरा.
"चाल. जाताना अकरा, येताना चाळीस."

यंत्र एका ओळीत एकच आकडा घेतं.
मी बेरीज केली, एक्कावन्न. पुसली.
सरासरी काढली, साडेपंचवीस. तीही पुसली.
चर्चमागच्या दफनभूमीपर्यंत तिच्या घरापासून किती,
भिंतीवरच्या नकाशावर बोटाने मोजलं.
तेवढंच. जाताना जेवढं, येताना तेवढंच.

सहा वाजले. ओळ तशीच उघडी ठेवून जाकीट चढवलं.
धक्क्यापर्यंत, घड्याळ लावून, नेमकी अकरा मिनिटं.
परत निघालो.
एका कुत्र्यापाशी थांबलो.
एका ओळखीच्या होडीचं नाव दोनदा वाचलं.
खांबांवरच्या घरांखाली भरती कुठवर आलीय
ते बघत उभा राहिलो,
कुणाच्या तरी खिडकीतून मला हटकेपर्यंत.
चढाला मुद्दाम पाय ओढत चाललो.

बावीस.