कमान

नाना पेठेत, टेम्पो अडकला की गल्ली संपते,
तिथे इलाही तांबोळींचं दुकान.
पाटी नाही. दारात जुन्या पाट्यांची चळत,
सगळ्यात वरच्या पाट्यावर चहाचे दोन ग्लास, एकात माशी.

त्यांनी टेप काढली,
चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या काठापर्यंत
डावीकडे मोजलं. उजवीकडे मोजलं.
पुन्हा उजवीकडे.
"पाऊण इंच," हे पोराला सांगितलं, मला नाही.

मी सत्तावीस वर्षं तंत्रनिकेतनात हेच शिकवतो:
जितका भार तितकं वाकणं,
फळ्यावर सरळ रेघ, रेघेचा चढ म्हणजे ताठरपणा.
परीक्षेत सहा मार्कांना येतं.
आणि स्वतःच्या जीपला कमान निवडायची
तर तीन महिने झोपेत आकडे उलटेपालटे करतोय.

नांदुर्डीकर म्हणतो नऊ पाट्यांची घे, दोन इंच उंच,
मुळशीकडच्या ओढ्यात दगड पोटाला लागणार नाहीत.
त्याच्या गाडीतून उतरलेला माणूस
थोडा वेळ उद्गारचिन्हासारखा उभा राहतो.
दुसरा एक म्हणतो तीनच पाट्यांची, मधे जाड, टोकांना निमुळती,
गादी आहे गादी.
किंमत विचारली की तो विषय बदलतो.
जुनीच भट्टीत घालून पुन्हा वाक देऊन घे,
असं कोणी म्हणालं नाही. ते माझ्याच मनात होतं.

"वजन किती असतं गाडीत?"
मी वहीच काढली.
विंच, अठ्ठावीस किलो; वापरली एकदा, दुसऱ्याच्या गाडीसाठी.
पाण्याचे दोन कॅन. फावडं. दोर. स्टेपनी.
"आणि तुम्ही?"
मी स्वतःला धरलंच नव्हतं.
"ब्याऐंशी," म्हटलं. काट्यावर सत्त्याऐंशी येतं.
"शेजारी?"

शेजारच्या सीटवर मी रविवारी डबा ठेवतो.
त्या सीटचं रेक्झिन अजून नव्यासारखं आहे
हे मला तिथे दिसलं, पोराने सहज हात फिरवला तेव्हा.
रेवती म्हणायची, तुझी ही गाडी माझा एकेक मणका मोजते.
पानशेतला दोनदा आली. तिसऱ्यांदा
धायरी फाट्यावर उतरून रिक्षाने परत गेली,
न भांडता. भांडण नंतर केलं, हप्त्याहप्त्याने, काही वर्षं.
आता नाशकात असते.

"टाकी असते त्या बाजूला," तांबोळी म्हणाले,
माझा चेहरा बघून असावं.
"सगळ्याच जीपा उजवीकडे थोड्या कलतात.
पण पाऊण इंच..."
आणि एकोणीसचा पाना मागितला.

सल्ला सरळ होता:
उजवीकडे एक पाटा जादा, गाडी लेव्हलला येईल.
"एकट्याच्या गाडीला आम्ही तसंच करतो."

हिशेबाने बरोबर. पूर्ण सहा मार्क.

भट्टीपाशी कुणाच्या तरी ट्रॉलीची कमान निवत पडली होती,
अजून एक किलोही न उचललेली,
म्हणून एवढी वाकलेली.
मी तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं असणार,
कारण पोराने माशीचा ग्लास बदलून आणला.

"दोन्हीकडे सात," मी म्हटलं. "सारख्या. उंच नको."
"मग पुन्हा कलेल, साहेब. दोन वर्षांत."
कलू दे.
"आणि सामान?"
विंच काढतो.
यावर ते पहिल्यांदा हसले, तेही दाढीतल्या दाढीत.

संध्याकाळी सिंहगड रोडला प्रत्येक गतिरोधकावर
गाडी एकदा वर गेली, एकदा खाली, आणि थांबली.
डावीकडच्या सीटवर किलोभर पेरू होते, उघड्या पिशवीत.
एकही खाली पडला नाही.

नाशिकला फोन लावायला हे कारण पुरत नाही,
कळतं मला.
दुसरं तसंही नव्हतं.