निरंक

जतच्या पूर्वेला, सर्कल ऑफिसच्या मागं
तारेच्या कुंपणात उभा आहे पर्जन्यमापक.
बाभळीपासून वीस पावलं लांब. नियमच तसा,
झाडाचा आडोसा पावसाच्या मापात येता कामा नये.
मी मात्र बाभळीखालीच थांबतो
आठ वाजेपर्यंत.

आठला नरसाळं काढायचं, बाटली उचलायची,
काचेच्या नळीत ओतायचं
असेल ते.
कधी एखादी मुंगी. कधी विजापूरकडची धूळ.
मग रजिस्टरात लिहायचं: निरंक.
जूनमध्ये एकवीस वेळा लिहिलं.
जुलैत पेन बदललं.

वारा मोजायची सोय नाही.
आषाढात तो येतो पाटण, शिराळा भिजवून,
डोंगर उतरता उतरता सगळं सांडून,
आणि दुसऱ्याच्या लग्नात जेवून आलेल्या पाहुण्यासारखा
आमच्या दारात नुसता ढेकर देतो.
पवनचक्क्या तेवढ्या फिरतात.
पंचांगात आर्द्राचं वाहन म्हैस होतं.
शिवगोंडा म्हणतो, ती चांदोलीतच डुंबत बसली,
उठवायला कोण गेलंच नाही.

फक्त माघ-फाल्गुनात
बेदाण्याच्या शेडवरची माणसं
रस्त्यात गाडी थांबवून विचारतात,
"आज निरंकच न्हवं?"
तेवढे दोन महिने
या शब्दाला लोक हात जोडतात.

उत्तरा नक्षत्रातल्या एका दुपारी
घोंगड्याएवढा ढग आला.
ऑफिसवर, हापशावर, शाळेच्या अर्ध्या पत्र्यावर
पाऊण तास कोसळला.
उरलेला अर्धा पत्रा
उन्हानं तडतडत राहिला.
नळीत एक्केचाळीस मिलिमीटर.
दोनदा मोजलं, मग लिहिलं.
दुसरं काय लिहिणार?

सात गावांचं मंडळ
कागदावर ओलंचिंब झालं.
चारा छावण्यांची यादी लागली,
तिच्यात आम्ही नव्हतो.

बिराप्पा मासाळ मेंढरं घेऊन कुंपणाशी थांबला.
शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.
बाटलीकडं बघत राहिला,
नळाला आलेल्या नव्या सुनेकडं बघावं तसा,
मग म्हणाला,
"एवढुशी हाय.
आन् सात गावाचा दुष्काळ पिली की रं."
मेंढरं पुढं गेली. कर्नाटकच्या वाटेला.
खुरांची धूळ नरसाळ्यावर बसली,
ती मी शर्टाच्या बाहीनं पुसली.

रजिस्टरात शेवटी एक रकाना आहे: शेरा.
अकरा वर्षं मी तो मोकळा सोडलाय,
माझ्या आधीच्यानंही सोडला होता.
त्या संध्याकाळी मागची पानं उलटून
एक्केचाळीसच्या ओळीशी आलो
आणि पेन्सिलीनं,
म्हणजे साहेबांना खोडता येईल असं,
लिहिलं:
ढग घोंगड्याएवढा.