गुरुवार, तीन ते पावणेचार

आईच्या गळ्यातल्या साखळीत दोन गोष्टी:
फातिमाच्या मातेचं चांदीचं पदक,
आणि मी आणलेलं पांढरं बटण, नखाएवढं.
ते ऐकतं. रात्री नऊला माझ्या फोनवर
तिचा दिवस येऊन पडतो, घडी घातलेला:
गोळी दोनदा घेतली.
गॅस बंद आहे का, चार वेळा विचारलं.
आबिलियोशी बोलली, सहा मिनिटं.
आबिलियो माझे वडील. जाऊन अकरा वर्षं झाली.

दुकानातल्या मुलानं बजावलं होतं,
मॅसॅच्युसेट्समध्ये कुणाचा आवाज चोरून घेता येत नाही.
म्हणून दारावर कागद चिकटवला, इंग्रजीत नि पोर्तुगीजमध्ये:
या घरात बोललेलं साठवलं जातं.

तेव्हापासून पोस्टमन फाटकातूनच मान हलवतो.
नळवाला तासभर सिंकखाली वाकला होता,
एक शिवी हासडली नाही, बिचारा.
मासेवाला एवारिस्तो बोटांनी भाव सांगतो;
बोटांना कायदा लागत नाही, म्हणतो.
म्हणजे म्हणत नाही. डोळा मारतो.

गुरुवारी पत्त्यांचा डाव, सुएका. चौघी जणी.
चौघी आसोर्सच्या बेटांवरून आलेल्या,
न्यू बेडफर्डच्या एकाच कारखान्यात
बर्फातले मासे कापून बोटं वाकडी झालेल्या.
मी संमतीपत्रं ठेवली टेबलावर.
दोघींनी न वाचता सही ठोकली.
एर्मेलिंडानं चष्मा पुसला,
सगळं वाचलं, मागची कोरी बाजूसुद्धा.
म्हणाली, आमच्या बेटावर कॉफीच्या दुकानात
एक माणूस रोज बसायचा, काही न मागवता.
त्याच्या कानांना पगार होता.
आणि कागद माझ्याकडे सरकवला, पालथा,
हातातलं पान दाखवायचं नसतं तसा.

मावशी, म्हटलं, तुमचं कोण ऐकतंय?
आईच्या आठवणीसाठी आहे हे.
तर म्हणे, पोरी,
या बटणाच्या तोंडात तीळ भिजत नाही.

मग त्या दोघींनी परस्पर ठरवलं.
तीनला बाकीच्या जातात, एर्मेलिंडा थांबते.
आई साखळी काढते, पदकासकट,
पिठाच्या डब्यात ठेवते, झाकण दाबते.
(फातिमाच्या मातेनंही ऐकायचं नाही, असं दिसतं.)
रात्री माझ्या फोनवर:
तीन ते पावणेचार, काही नाही.
एकदा मात्र आलं: बहुतेक समुद्र.
तो फ्रिज होता.

एका गुरुवारी मी लवकर आले
आणि मागच्या पायरीवर उभी राहिले.
सांगून टाकते, कारण ही चोरी माझी आहे,
आणि मला दारावर कुठला कागद लावावा लागत नाही.
शब्द कळले नाहीत. एर्मेलिंडा रडत होती.
मग आईचा आवाज, पूर्वीचा, कारखान्यातल्या भोंग्यावर चढणारा:
अगं, इतकी वर्षं बोलली का नाहीस?

पुढच्या गुरुवारी पुन्हा पायरी. पुन्हा तेच वाक्य,
तोच ‘अगं’.

बसथांब्यावर गाठलं एर्मेलिंडाला.
दर आठवड्याला तेच सांगता?
बराच वेळ बसच्या दिशेनं बघत राहिली.
तेच, म्हणाली. पन्नास वर्षं पोटात होतं.
तुझ्या आईला दर गुरुवारी पहिल्यांदा कळतं.
आणि दर गुरुवारी मला वाटतं,
आज दार दाखवणार ही मला.
अजून तरी दाखवलेलं नाही.
बस आली. काय सांगता, ते मी विचारलं नाही.
आबिलियोबद्दल आहे का, एवढंच जिभेवर आलं होतं.

आज बटणाच्या भोकांत पीठ गेलंय.
फोन सांगतोय, आवाज अस्पष्ट, उपकरण स्वच्छ करा.
मी दात कोरायची काडी घेऊन बसले,
दोन भोकं साफ केली,
आणि तिसरं तसंच ठेवलं.