बुटांची सात खोकी

कात्रामीस म्हणजे डांबरवाले.
थोरल्यांचा बाप गालाक्सीदीच्या धक्क्यावर
होड्यांच्या फटींत डांबर भरायचा.
थोरले मंत्री झाले, आणि तेच डांबर रस्त्यावर आलं,
बंदरापासून थेट त्यांच्या मळ्यापर्यंत.
वर्षभर आमची गाढवं त्यावर पाय ठेवायला बिचकत.

त्रेसष्टच्या मार्चमध्ये मी कचेरीत लागले.
काम सोपं. येईल त्याचं ऐकायचं, कार्डावर उतरवायचं:
डावीकडे नाव, मधे उपकार, उजवीकडे घरातली मतं.
थानासिस कोलोव्होस. पोराची बदली, एव्रोसच्या सीमेवरून लामियाला. पाच.
विधवा स्तामातिया. टेलिफोन. दोन; दिराचं सांगता येत नाही.
पाद्रीबाबा. घंटा. सगळं गाव, देवाच्या कृपेने.

थोरल्यांनी त्रेचाळीस पोरांना बाप्तिस्म्याचं तेल लावलं.
शाळेत मास्तरांनी "पेरियांद्रोस!" अशी हाक मारली
की निम्मा वर्ग उभा राहायचा.

सदुसष्टच्या एप्रिलात पहाटे जीप आली.
थोरल्यांना पायजम्यावर कोट चढवून नेलं, कुठल्याशा बेटावर.
खोकी मी रात्रीच हलवली होती
आईच्या तळघरात, ऑलिव्हच्या रांजणामागे.
सार्जंट म्हणाला, यादी कुठाय?
म्हटलं, कसली यादी? इथे लोक आपणहून मतं देतात.
त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं,
रांजणात हात घालून चार ऑलिव्ह खाल्ले, आणि गेला.
सात वर्षांनी कार्डं वर काढली तेव्हा
त्यांना खाऱ्या पाण्याचा वास होता.
मिठाला जागणं म्हणतात ते मी असं जागले.

धाकटे अर्थखात्यात गेले.
त्यांनी खोक्यांना कधी हात लावला नाही.
कुणाच्या लग्नातून, कुणाच्या प्रेतयात्रेतून फोन करायचे:
फालिया, तपकिरी कोट, डावा पाय लंगडा, कोण गं?
मी नाव सांगायची, बायकोचं दुखणं सांगायची,
मग तिकडे मिठी मारल्याचा आवाज यायचा.

आता नातू. इयासोनास. बॉस्टनला शिकलेला.
चौकातल्या सभेत म्हणाला, वशिल्याचे दिवस संपले.
टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेतल्या
सहा जणांच्या नोकरीच्या तारखा मला तोंडपाठ.
सभेनंतर त्याने माझ्या दोन्ही गालांचे मुके घेतले,
आणि कानाशी म्हणाला, आजी, ती खोकी जाळून टाक.

अंगणात पत्र्याच्या डब्यात जाळ केला.
एकेक कार्ड वाचून टाकत होते, घाई कसली.
तिसऱ्या खोक्यात एक कार्ड माझ्या अक्षरातलं नव्हतं.
गारुफालिया देदूसी. नोकरी, कचेरीत. चार.
थोरल्यांचा चार, पोट फुगलेला.
त्यावर काट, तीन: भाऊ मेलबर्नला गेला ते वर्ष.
मग बाबांचा दोन.
मग पेन्सिलीने एक.
पेन्सिलीचं अक्षर धाकट्यांचं.
आईच्या मातीला आले होते ते,
माझा हात हातात घेऊन कितीतरी वेळ उभे होते.

बाकीची जळली. हे एक
एप्रनच्या खिशात राहिलं.

रविवारी शाळेतल्या पडद्यामागे उभी होते.
कात्रामीस या नावापुढची फुली
पन्नास वर्षं हात आपोआप मारत आला होता.
बाहेरून कुणीतरी खाकरलं. बाई, झालं का?
म्हटलं, थांब जरा.
मोजतेय.